दोष कोणाचा, बोध कोणाला?

विमान कोसळले म्हणजे त्याचे अवशेष थंड होण्यापूर्वीच ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागतो. तो विचारला जाणे स्वाभाविकच आहे. ज्याच्या घरचा माणूस सकाळी हसत बाहेर पडला आणि रात्री परत आला नाही, त्याने हा प्रश्न विचारावयाचा नाही तर कोणी? परंतु या प्रश्नाच्या शेजारी दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि तो विचारणारे थोडे असतात. ‘हे पुन्हा घडू नये म्हणून आपण काय शिकलो?’ हा तो प्रश्न. पहिल्याचे उत्तर न्यायालयाने द्यावयाचे, दुसऱ्याचे चौकशी मंडळाने. ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळतातच असे नाही. आणि पुष्कळदा पहिल्याच्या गलबल्यात दुसरे ऐकूच येत नाही. खाजगी जेट विमानांच्या अपघातांत तर हे विशेषच घडते. मरणारा माणूस बहुधा धनवान किंवा नामांकित असतो, दावे मोठ्या रकमांचे असतात आणि वर्तमानपत्रांचे मथळे, त्यांत आमचेही आले, त्या रकमांभोवती फिरत राहतात. म्हणून अशा एका अपघाताची हकीकत आज वाचकांपुढे जरा सविस्तर मांडावी, असे आम्हांस वाटते.

ही हकीकत अमेरिकेतील आहे. ३१ मे २०१४ च्या शनिवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड येथील हॅन्स्कम विमानतळावरून गल्फस्ट्रीम-४ जातीचे एक खाजगी जेट अटलांटिक सिटीकडे जाण्यास निघाले. विमानात सात माणसे होती. दोन वैमानिक, एक परिचारिका आणि चार प्रवासी. प्रवाशांपैकी एक ल्यूइस कॅट्झ. वय ७२, फिलाडेल्फिया परिसरातील मोठे व्यावसायिक व दानशूर गृहस्थ. अवघ्या चार दिवसांपूर्वी, २७ मे रोजी, त्यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ हे जुने वृत्तपत्र व त्याची भावंडे ८ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीने लिलावात मिळवली होती. बोस्टनजवळच्या कॉंकर्ड गावी शिक्षणविषयक एका समारंभाला हजेरी लावून मंडळी घरी परतत होती. हवा चांगली होती. विमान उत्तम स्थितीत होते. वैमानिक अनुभवी होते, वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारी बसून विमान चालवीत आले होते. तरीही ते विमान जमिनीवरून उठलेच नाही. ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने ते धावपट्टी ओलांडून गेले, मार्गदर्शक यंत्रणेच्या खांबांवर व कुंपणावर आदळले आणि पलीकडच्या ओहोळात पेटले. सातांपैकी कोणीही वाचले नाही.

विमान उठले का नाही, याचे कारण ऐकले तर मन सुन्न होते. विमान मैदानात उभे असताना त्याची शेपटीवरची व पंखांवरची हलती पाती वाऱ्याच्या झोतांनी आपटून मोडू नयेत म्हणून ती जखडून ठेवण्याची एक कळ असते. तिला वैमानिक ‘गस्ट लॉक’ म्हणतात. इंजिने सुरू करण्यापूर्वी ती सोडावयाची, हा पहिल्या धड्यातला नियम. त्या रात्री ती सोडलेली नव्हती. विमान वेग घेत असताना मुख्य वैमानिकाच्या हे ध्यानात आले. कळ लागलेली आहे, असे तो पुन्हा पुन्हा उद्गारल्याचे ध्वनिमुद्रणावर आहे. पण ताबडतोब थांबण्याऐवजी धावता धावताच ती अडचण सोडवण्याचा प्रयत्न झाला आणि मोलाचे क्षण निसटले. पहिला उद्गार निघाल्यापासून सुमारे अकरा सेकंदांच्या आत थांबण्याचा निर्णय झाला असता, तर विमान पक्क्या फरसबंदीवरच थांबू शकले असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे नमूद केले. अकरा सेकंद! हे वाक्य वाचावयास वाचकाला जितका वेळ लागला, जवळजवळ तितकाच.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की, दोष उघड आहे, वैमानिक विसरले. चौकशीही इथेच थांबली असती तर आमच्या लिहिण्यासारखे काही राहिले नसते. पण मंडळाने एक पाऊल मागे जाऊन पाहिले. कळ विसरली, हे झाले. पण विसरली असता ती लगेच लक्षात यावी म्हणून उड्डाणापूर्वी सुकाणूचा दांडा पुढेमागे आणि डावीउजवीकडे पूर्ण फिरवून पाहावयाचा असतो. ती तपासणी का झाली नाही? विमानावरील नोंदयंत्रात आधीच्या १७५ उड्डाणांची माहिती साठलेली होती. ती उलगडली तेव्हा आढळले की, त्या १७५ पैकी अवघ्या दोन वेळा ही तपासणी पूर्णपणे झाली होती. शेकडा ९८ वेळा ती झालीच नव्हती किंवा अर्धवट झाली होती. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणातही तपासयादी मोठ्याने वाचल्याचा मागमूस नव्हता. म्हणजे ही त्या रात्रीची चूक नव्हती. ती एक जुनी सवय होती आणि त्या रात्री तिची किंमत द्यावी लागली, एवढेच.

आम्ही शाळेत शिकवीत असताना गणिताच्या तासाला ‘ताळा पाहा, ताळा पाहा’ असे मुलांना रोज बजावीत असू. ताळा न पाहणारी मुले ढ नसत. उलट वर्गातली हुशार मुलेच तो टाळीत. त्यांचे उत्तर बहुधा बरोबर येई आणि दर बरोबर उत्तरागणिक ताळा पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे, हा त्यांचा समज पक्का होई. बेडफर्डच्या वैमानिकांचे असेच झाले. निष्काळजीपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा बेफिकीर, उनाड मनुष्य येतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा निष्णात माणसाच्या हातून होतो, कारण यशानेच त्याला निर्धास्त केलेले असते.

तरीही सारा भार दोन मृत वैमानिकांच्या शिरावर ठेवून मंडळ मोकळे झाले नाही. कळ लावलेली असताना विमानाला उड्डाणाचा वेग घेताच येऊ नये, अशी योजना त्या विमानात मुळातच होती. इंजिनाची शक्ती वाढवणारा थ्रॉटलचा दांडा अशा स्थितीत केवळ सहा अंश पुढे सरकावा आणि अडावा, असे ठरलेले होते. पण तपासणीत दिसून आले की, तो त्याच्या तिप्पट-चौपट पुढे सरकत होता. अडसर होता, पण तो अडवीत नव्हता. मग कारखान्याने तो बाजारात कसा आणला आणि सरकारच्या विमानवाहतूक प्रशासनाने त्याला मान्यता कशी दिली? तर ती मान्यता प्रत्यक्ष चाचणी करून नव्हे, अभियंत्यांचे नकाशे पाहून देण्यात आली होती. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मंडळाने आपला निष्कर्ष स्वीकारला, तेव्हा वैमानिकांची तपासणीतील कसूर ही संभाव्य कारणांत अग्रभागी ठेवली. परंतु निर्मात्याचा हा अडसर कुचकामी ठरला आणि प्रशासनाला ती त्रुटी दिसली नाही, या दोन गोष्टीही अपघातास हातभार लावणाऱ्या म्हणून स्पष्ट नोंदवल्या. गंमत पाहा. वैमानिकांनी ताळा पाहिला नाही, तसा कारखान्यानेही पाहिला नाही आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या सरकारनेही पाहिला नाही. एकच दोष तीन मजल्यांवर नांदत होता.

आता खटल्यांकडे वळू. मृतांच्या वारसांनी विमानाचा निर्माता, सुटा भाग पुरवणारी कंपनी आणि विमान ज्यांच्या नावावर व व्यवस्थेखाली होते त्या कंपन्या यांच्यावर नुकसानभरपाईचे दावे लावले. अशा खटल्यांत काय होते, हे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या माणसास सांगावयास नको. निर्माता म्हणतो, आमचे यंत्र ठीक होते, वैमानिकांनी नियम मोडला. विमानाची व्यवस्था पाहणारा म्हणतो, नियम मोडला तरी यंत्राने अडवावयास हवे होते, ते का अडवले नाही? भाग पुरवणारा म्हणतो, आम्ही दिलेल्या नकाशाबरहुकूम भाग घडवला. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो आणि तेवढाच अंश सांगण्यासाठी प्रत्येकाने निष्णात वकील नेमलेला असतो. मंडळाच्या अहवालात जे सत्य एकसंध असते, ते न्यायालयाच्या दालनात वाटणीच्या जमिनीसारखे तुकड्यातुकड्यांनी मोजले जाते.

सामान्य वाचकाला येथे एक आश्चर्य वाटेल. इतक्या मेहनतीने तयार झालेला मंडळाचा अहवाल न्यायाधीशासमोर ठेवला की निकाल झाला, मग इतका खटाटोप कशाला? पण अमेरिकेचा कायदा नेमके हेच करू देत नाही. मंडळाच्या अहवालाचा कोणताही भाग नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी तेथे स्पष्ट तरतूद आहे. तपासणीत जमलेल्या वस्तुस्थितीच्या नोंदी वकिलांना मिळू शकतात. पण मंडळाने काढलेला निष्कर्ष न्यायालयाच्या उंबरठ्यापाशी थांबतो. यामागे मोठा विचार आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९५१ साली प्रथम स्वीकारलेल्या तेराव्या परिशिष्टात अपघात चौकशीचा हेतू एकच सांगितला आहे, तो म्हणजे अपघात टाळणे. दोष वाटणे अथवा जबाबदारी ठरवणे, हा तिचा हेतू नव्हे. भारतानेही हेच तत्त्व मान्य केले असून आपल्या २०१७ च्या अपघात चौकशी नियमांत ते नमूद आहे. यंत्रज्ञाला, वैमानिकाला, कारखान्यातील अभियंत्याला आपण बोललेला प्रत्येक शब्द उद्या आपल्याच गळ्याचा फास होईल अशी भीती वाटली, तर तो बोलणार नाही. आणि तो बोलला नाही, तर पुढच्या विमानातील माणसे मरतील. म्हणून वैद्याला रोग सांगावा तसे चौकशी मंडळाला सत्य सांगता यावे, यासाठी ही भिंत उभारलेली आहे.

या भिंतीच्या दोन बाजूंना किती वेगळी दृश्ये दिसतात, याचे एक उदाहरण पंधरा वर्षे आधीचे आहे. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी प्रसिद्ध गोल्फपटू पेन स्ट्युअर्ट यांना घेऊन एक लिअरजेट फ्लोरिडातील ऑर्लॅंडोहून डॅलसकडे निघाले. काही मिनिटांतच वैमानिकांकडून उत्तर येईनासे झाले. लढाऊ विमाने पाठीमागे गेली. त्यांना खिडक्यांवर धुके साचलेले दिसले, आत हालचाल दिसली नाही. ते विमान इंधन संपेपर्यंत, जवळजवळ चार तास, आपोआप उडत राहिले आणि साउथ डाकोटा राज्यातील एका माळावर कोसळले. सहाही माणसे गेली. आतला हवेचा दाब नाहीसा झाला आणि वैमानिक निकामी झाले, एवढे मंडळाने सांगितले. पण दाब का गेला, हे ठरवता येत नाही, अशी प्रांजळ कबुली दिली. न्यायालयाला अशी कबुली देण्याची सोय नसते. तेथे ज्यूरीला होय किंवा नाही यांपैकी एक म्हणावेच लागते. वारसांचे म्हणणे होते की, विमानातील एक भाग सदोष होता. २००५ साली ऑर्लॅंडोच्या ज्यूरीने निर्मात्याला दोषमुक्त ठरवले. यावरून विमान निर्दोष होते असे सिद्ध झाले काय? नाही, दोष सिद्ध झाला नाही, एवढेच. पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या दोन वाक्यांमधला फरक उरत नाही.

दुसरे उदाहरण १९ सप्टेंबर २००८ च्या मध्यरात्रीचे. साउथ कॅरोलायनातील कोलंबिया विमानतळावर एक लिअरजेट उड्डाण घेत असताना त्याचे टायर फुटले. मुख्य वैमानिकाने, परतीची वेळ टळून गेल्यावर, उड्डाण रद्द केले. विमान धावपट्टीबाहेर गेले आणि पेटले. दोन्ही वैमानिक व दोन प्रवासी मरण पावले. ट्रॅव्हिस बार्कर व ॲडम गोल्डस्टीन हे दोन संगीतकार होरपळून वाचले. टायर का फुटले? त्यांतील हवा सुमारे तीन आठवडे कोणी तपासली नव्हती. आमच्याकडचा सायकलवाला मुलगाही सकाळी चाकाला अंगठा लावून पाहतो. कोट्यवधींच्या विमानाच्या चाकाला तेवढेही कोणी केले नाही. परंतु येथेही गोष्ट एवढ्यावर संपली नाही. फुटलेल्या टायरच्या चिंध्यांनी चाकाजवळची उपकरणे निकामी केली आणि विमान थांबवण्यासाठी उलट फिरवलेली इंजिनांची शक्ती विमानाला पुढे ढकलू लागली. अशाच प्रकारची एक दुर्घटना २००१ साली झालेली असताना निर्मात्याने केलेले विश्लेषण आणि प्रशासनाने केलेले त्याचे परीक्षण अपुरे होते, असा ठपका मंडळाने ठेवला. तेथेही निर्माता, टायरची कंपनी, विमान चालवणारी कंपनी अशा सर्वांवर दावे झाले आणि वाचलेल्या दोघांच्या बाबतीत ते न्यायालयाबाहेर, रक्कम गुप्त ठेवून, मिटवले गेले.

हे वाचून खटलेच वाईट, असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. वारसांना लोभी ठरवून नाके मुरडण्याची जी एक प्रवृत्ती आपल्याकडे आहे, ती तर आम्हांस निंद्य वाटते. नियमित प्रवासी विमानाने परदेशी जाणाऱ्या माणसाला १९९९ च्या मॉंट्रिअल कराराचे छत्र असते. ठराविक मर्यादेपर्यंतच्या भरपाईसाठी त्याच्या वारसांना विमान कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. मित्राच्या खाजगी विमानात पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाला हे छत्र नसते. त्याच्या विधवेला किंवा मुलांना चूक दाखवावी लागते आणि चूक दाखवावयाची म्हणजे दावा लावावा लागतो. त्यांतही परिचारिकेसारखी सेवेत असलेली व्यक्ती गेली, तर तिच्यामागे राहिलेल्यांना धनिकाच्या वारसांसारखा आधार नसतो. शिवाय, चौकशी मंडळ शिफारस करते, हुकूम करीत नाही. कारखानदाराच्या खिशाला चाट लागण्याची धास्ती ही पुष्कळदा शिफारशीला लाभलेली एकमेव काठी असते. नकाशावर विसंबण्यापेक्षा चाचणी स्वस्त पडते, हे हिशेबनीसाला पटवून देण्याचे काम न्यायालयच करू शकते.

पण काठीचीही मर्यादा असते. दाव्यांच्या ओझ्याने एक अख्खा धंदा कसा वाकतो, हे अमेरिकेने पाहिले आहे. १९७८ साली तेथे सुमारे १७,८०० लहान विमाने तयार होत होती. १९९४ पर्यंत तो आकडा हजाराच्या खाली आला. मंदी, इंधनाचे भाव अशी इतर कारणेही होती. तरी दाव्यांचा व विम्याचा खर्च हे एक प्रमुख कारण मानले गेले. सेस्ना कंपनीने १९८६ साली आपली लहान, पिस्टन इंजिनाची विमाने बनवणे थांबवले. अखेर १९९४ साली कायदा करून, लहान विमान अठरा वर्षांहून जुने झाल्यावर निर्मात्यावर बहुतांशी दावा करता येणार नाही, अशी मर्यादा घालावी लागली. आणि मग सेस्नाने पुन्हा उत्पादन हाती घेतले. याहूनही मोठी मर्यादा आम्हांस वाटते ती गुप्त तडजोडीची. रक्कम किती दिली हे गुप्त राहिले तर आमची हरकत नाही. ते त्या कुटुंबाचे खाजगी आहे. पण रकमेबरोबर कारखान्यातली पत्रे, चाचण्यांचे कागद, ‘हे आधीच ठाऊक होते’ असे सांगणारी टिपणेही पेटीत बंद होत असतील, तर मग विकले गेले ते काय? एका कुटुंबाचा हक्क विकला गेला नाही. पुढच्या प्रवाशाचे सावधपण विकले गेले.

खाजगी विमानांचा प्रश्न आणखी एका कारणाने वेगळा आहे. प्रवासी कंपनीच्या वैमानिकामागे निरीक्षक असतो, परीक्षक असतो, त्याच्या उड्डाणांच्या नोंदी नियमाने तपासणारा विभाग असतो. खाजगी जेटमध्ये बहुधा दोनच माणसे, तीच रोज एकत्र. त्यांच्यावर नजर ठेवणारे कोणी नाही आणि मागच्या आसनावर बसलेला मालक घाईत. एकाने तपासणी गाळली आणि दुसऱ्याने हटकले नाही, की दोघांत एक मूक करार होतो. बेडफर्डच्या विमानातील नोंदयंत्र ती १७५ उड्डाणे मुकाट्याने टिपीत होते. सात माणसे मेल्यावर ती प्रथम वाचली गेली. त्या अपघातानंतर मंडळाच्या शिफारशीवरून अमेरिकेतील व्यावसायिक विमानवाहतूक संघटनेने २०१३ ते २०१५ मधील १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी शेकडा सुमारे साडेपंधरा उड्डाणांत सुकाणूची तपासणी अर्धवट झाली होती आणि शेकडा दोन उड्डाणांत मुळीच झाली नव्हती. म्हणजे ते दोन वैमानिक जगावेगळे नव्हते. त्यांना दोषी ठरवून बाकीचे सारे निर्धास्त झाले असते, तर ते साप समजून भुई धोपटण्यासारखे झाले असते. हा आकडा कोणत्याही खटल्यातून बाहेर आला नाही. कोणाला शिक्षा करावयाची नाही असे ठरवून शोध घेतला, म्हणून तो आला.

हा सारा प्रकार सातासमुद्रापलीकडचा, आपल्याला त्याचे काय, असे मुंबईकराने तरी म्हणू नये. २८ जून २०१८ च्या भर दुपारी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक लहान किंग एअर विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चाललेल्या एका जागी कोसळले. विमानातील चौघे गेलेच. पण रस्त्याने चाललेला एक पादचारीही गेला. त्याने विमानाचे तिकीट काढले नव्हते, कोणाच्या मेजवानीला तो गेला नव्हता. खाजगी विमान ही श्रीमंतांची चैन, तिचे बरेवाईट त्यांचे त्यांनी पाहावे, असे म्हणणाऱ्यांना त्या पादचाऱ्याची आठवण आम्ही करून देतो. आकाश खाजगी नसते.

आणि दोष चिकटवण्याची घाई आपल्याकडे किती आहे, हे १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या महाभयंकर अपघातानंतर दिसून आले. ते प्रवासी कंपनीचे विमान होते, खाजगी जेट नव्हे. परंतु मनुष्यस्वभाव दोन्हीकडे तोच. २६० माणसे गेली. महिन्याभराने चौकशी विभागाचा प्राथमिक अहवाल आला. इंधनाच्या कळा बंद झाल्याची नोंद आणि वैमानिकांच्या संभाषणातील दोन वाक्यांचा सारांश त्यात होता. कळा का बंद झाल्या, हे त्यात सांगितलेले नव्हते. तरी देशविदेशांतील कित्येकांनी एका मृत वैमानिकावर निकाल देऊन टाकला. त्याच्या पित्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मेलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही, उलटतपासणी घेऊ शकत नाही, अब्रूनुकसानीचा दावा लावू शकत नाही. म्हणूनच दोष ठेवावयास त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नसतो. वैमानिकाची चूक असेल तर ती सांगितलीच पाहिजे. बेडफर्डच्या मंडळाने ती स्वच्छ सांगितली. पण ती पुराव्यानिशी, पूर्ण चौकशीअंती आणि तिच्या मागच्या साऱ्या साखळीसह सांगितली गेली पाहिजे.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टींचा आग्रह सुजाण नागरिकांनी धरावा. पहिली, चौकशी विभाग खऱ्या अर्थाने स्वतंत्र असावा. विमानाला मान्यता देणाऱ्या खात्याच्या चुकाही त्याला निर्भयपणे लिहिता याव्यात आणि त्याचा अंतिम अहवाल, छोट्या खाजगी विमानाचा असला तरी, वेळेवर लोकांपुढे यावा. दुसरी, खाजगी व भाड्याच्या विमानांवरील नोंदयंत्रे माणसे मेल्यावर उघडण्याची चीज नसून जिवंतपणी वाचण्याची चीज आहे, हे ध्यानात घेऊन त्या नोंदींची नियमित, शिक्षेविना तपासणी व्हावी. तिसरी, वारसांना न्याय लवकर मिळावा. पण तडजोड करताना रकमेवर पडदा टाकावयाचा तर टाकावा, दोषावर टाकू नये. जे कागद दुसऱ्याचा जीव वाचवू शकतात, ते कोणाच्याही खाजगी मालकीचे असू शकत नाहीत.

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण आपण सहज वापरतो. आम्हांस तिचा पूर्वार्ध येथे घेता येत नाही. बेडफर्डला गेलेल्या सातांचे, घाटकोपरच्या पाचांचे दुःख आहेच आणि ते त्यांच्या घरी कायमचे राहणार आहे. परंतु उत्तरार्ध मात्र अक्षरशः खरा आहे. दर वेळी गाळलेली तपासणी खपून जाते, तेव्हा काळ सोकावतो. दर वेळी एका मृताच्या माथी दोष मारून फाइल मिटवली जाते, तेव्हा तो आणखी सोकावतो. न्यायालयाने भरपाई द्यावी, ती मुबलक द्यावी. पण भरपाईचा धनादेश हातात पडला म्हणजे प्रकरण संपले, असे वारसांनी नाही तरी समाजाने समजू नये. पुढचे विमान धावपट्टीवर उभे आहे. त्यातील वैमानिकाने आज दांडा पूर्ण फिरवून पाहिला की नाही, एवढ्यावरच ते सारे खटले आणि ती सारी चौकशी यांचे मोल ठरावयाचे आहे.